म्हैस काय म्हनी?

धरणगावात स्टेशनच्या रस्त्याला
धुडकू सैंदाणेचं दुकान. दोन खुर्च्या,
तडा गेलेला एक आरसा, ज्यात सगळ्यांचीच मान थोडी तुटायची,
आणि वर फळीवर, पावडरच्या डब्यांना टेकून,
चौदा इंची टीव्ही. त्यावर टॉवेल वाळत घातलेला.

मालिका लागली की लोक बोलत.
बातम्या लागल्या की जास्तच बोलत.
पण जाहिराती लागल्या की धुडकू वस्तरा हवेत धरायचा :
चूप रे, फोनवाली आली.

त्या वर्षी मोबाईल कंपन्यांना
हसवण्याचं वेड लागलं होतं.
एकीत नवरदेव मुंडावळ्यांच्या आडून मिस कॉल देई.
एकीत चोर घरमालकालाच फोन लावून
कपाटाची किल्ली विचारी.
आणि एक म्हशीची.

म्हातारा म्हशीवर बसून चाललाय.
फोन वाजतो. म्हातारा दचकतो,
धपकन डबक्यात.
म्हैस सावकाश मान वळवते,
फोनकडे बघते, आपल्याकडे बघते,
तोंड उघडते, आणि

आठ वाजायचे.
आठ म्हणजे भारनियमन.
पडदा आक्रसत एक पांढरा ठिपका व्हायचा,
ठिपकाही जायचा,
आणि अंधारात सात-आठ माणसं
अर्धं हसू तोंडात धरून बसायची.

रोज आठला दोन मिनिटं कमी असताना तीच जाहिरात.
रोज तिथंच.

"म्हैस काय म्हनी?" कोणीतरी विचारायचंच.
हिलाल टेलर म्हणे, ती म्हनी, शेठ आंघोळीले गयात.
सुपडू बारी पान लावता लावता म्हणे,
नही रे, राँग नंबर म्हनी, आठे बैल ऱ्हास नही.
उखा मास्तर रिटायर झालेले, ते घसा खाकरत :
रेड्यानं वेद म्हटले, तर म्हशीनं
एखादी स्कीम सांगितली असेल. त्यात काय.

शेवटी सुपडूनं भाच्याला फोन लावला, सुरतला.
तिथं लाईट जात नाही म्हणे.
बॅलन्स अकरा रुपये. फोन या कानावरून त्या कानावर.
भाचा म्हणाला, पाहिलीय ना मामा, रोज पाहतो,
पण आमच्याकडे ती गुजरातीत बोलते,
आणि ते आठवून असा हसत सुटला
की हसता हसता अकरा रुपये संपले.

मी तेव्हा सातवीत. त्याच रात्री
माझी डावी बाजू कापून झालेली, उजवी बाकी.
मेणबत्तीवर कान कापायचा नाही मला, धुडकू म्हणाला,
सकाळी ये.
सकाळी दुकान बंद. त्याची बहीण पारोळ्याला, तिच्याकडे काहीतरी झालं होतं.
दोन दिवस मी तसाच शाळेत गेलो.
पोरांनी मला काय नाव ठेवलं ते सांगत नाही.

मग ती जाहिरात गेली. पोपटाची आली, तिला कोणी हसलं नाही.
पुढे इन्व्हर्टर आला, टीव्ही भिंतीला चिकटला,
पण गावात शब्द राहिला.
सभेत माईक बंद पडला, की मागून :
म्हैस काय म्हनी?
सोयरीक बोलता बोलता मुलीकडचे गप्प झाले, की बाहेर ओट्यावर :
म्हैस काय म्हनी?

मागच्या पौषात धुडकूला लकवा झाला.
जळगावच्या दवाखान्यात पाहायला गेलो,
हिलाल, मी, आणि सुपडूचा तो भाचा, आता टक्कल पडलेला.
धुडकूनं आम्हाला ओळखलं.
काहीतरी सांगायचं होतं त्याला, ओठ हलले,
एकदा, दोनदा.
पोरानं कान लावला. सुनेनं लावला.
नर्सनं पाणी पुढे केलं, ते नको होतं.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना.
आणि हिलाल, बाहत्तर वर्षांचा, हलकेच,
जणू प्रसाद मागावा तसा :
"म्हैस काय म्हनी, धुडकूभाऊ?"

सुनेनं डोळे वटारले.
पण धुडकू हसला. तोंडाच्या उजव्या बाजूनं,
डावी तशीच पडून.
मग चालता हात चादरीबाहेर काढून
माझ्याकडे दोन बोटं केली.

कात्री, हिलाल म्हणाला.
दोन चहा सांग म्हणतोय, भाचा म्हणाला.
जिन्यावरून उतरेपर्यंत भांडत होते दोघं.
मी आपला उजवा कान चाचपत होतो.